निवृत्तीनंतरची बायको

राहीबाईनं पेजेचा चमचा पुढं केला आणि पुंजाराम अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. कालपासून हेच चाललं होतं.

"तोंड उघडा बरं," ती म्हणाली. "गार व्हईल."

अण्णांनी दात आवळले. अर्धांगवायूनं त्यांचं उजवं अंग गेलं त्याला दीड वर्ष झालं होतं. पाठीला जखमा पडल्या होत्या. कुशीवर वळवलं की जीव जायचा आणि मेला पुन्हा परत यायचा. आता पुरे, असं त्यांनी ठरवलं होतं. विष आणून देणारं कोणी नव्हतं, विहिरीपर्यंत चालत जायची सोय नव्हती. न खाणं तेवढं आपल्या हातात उरलं होतं.

केडगावात मात्र या घराचं कोण कौतुक! बहात्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता. बायाबापड्या खडी फोडायला जात होत्या, रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरीसुद्धा पोटभर मिळेना, आणि राहीबाई या म्हाताऱ्यासाठी कुठून कुठून शेळीचं दूध पैदा करायची. महिन्याच्या महिन्याला त्यांची दाढी करवून, धुतलेलं धोतर नेसवून, डोक्यावर टोपी ठेवून टांग्यातून नगरला कचेरीत न्यायची. साहेबानं माणूस डोळ्यांनी बघितला की पेन्शन हातात पडायची.

"अण्णा, नशीब काढलंत," तिथले लोक म्हणायचे.

अण्णा मान हलवायचे. मनात म्हणायचे, नशीब कसलं, डोकं लागतं त्याला.

खोटं नव्हतं ते. अण्णा त्याच कचेरीत कारकून होते आणि सगळी नोकरी पेन्शनच्या टेबलावर गेली होती. कोणाला मिळते, कोणाची बंद होते, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाले आणि पाठोपाठ बायको वारली. मूलबाळ नव्हतं. हातानं भाकरी थापायची पाळी आली, तेव्हा त्यांना घोडेगावची राहीबाई आठवली. तिचा नवरा कचेरीत शिपाई होता, तो नोकरीत असतानाच गेला. तिच्या पेन्शनीचं काम अण्णांनीच केलं होतं. पस्तिशीची बाई, अंगानं मजबूत, पोटापुरती पेन्शन खाऊन मानानं एकटी राहत होती.

"माझ्याशी पाट लाव," अण्णा तिला म्हणाले. "पुन्हा लग्न केलंस की तुझी पेन्शन बंद होईल, खोटं कशाला सांगू? पण माझी तुझ्या तिप्पट आहे. आणि मी गेलो की त्यातली निम्मी जन्मभर तुझी."

"नक्की ना, अन्ना? मला दुसरं कुनी न्हाई बगा."

"अगं, जन्म गेला माझा त्यात."

तिनं विश्वास ठेवला. पाट लागला. दुसऱ्याच आठवड्यात अण्णांनी तिला कचेरीत पिटाळलं, लग्न केल्याचं सांगून तुझी पेन्शन बंद करून ये म्हणून. नियमाबाहेरचा पैसा त्यांना घरात नको होता. त्या बाबतीत गडी चोख.

संध्याकाळी ती परत आली आणि विझलेल्या चुलीपुढं बराच वेळ बसून राहिली. हक्काचा पैसा सुटला, वाईट वाटणारच, असं म्हणून अण्णांनी लक्ष दिलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं अशी काही सेवा मांडली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. उन्हात फिरू द्यायची नाही, ओल्यात बसू द्यायची नाही, नुसतं शिंकले तरी डॉक्टर दारात. आणि अर्धांग झाल्यावर तर काय, तळहातावरच झेलत होती.

एक गोष्ट तेवढी अण्णांनी तिला सांगितली नव्हती. निवृत्त झाल्यावर केलेल्या बायकोला नवऱ्यामागं पेन्शन नसते. अण्णांनी डोळे मिटले की राहीबाईला फुटकी कवडी मिळणार नव्हती. ना त्यांची, ना पहिल्या नवऱ्याची. मग खडी फोडा, नाहीतर भीक मागा. ती पायांना तेल चोळत बसायची तेव्हा अण्णांना हे आठवायचं आणि आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या. मोलकरीण फुकटची, आणि वर गावाचं कौतुक.

पण आता मरायचंच होतं, तर ही गंमत एकट्यानं बरोबर नेण्यात काय मजा? तिचं तोंड कसं उतरतं ते बघून जायचं होतं. शिवाय एकदा हे कळलं की ती वाटी भिरकावून देईल, आणि आपल्याला निवांत मरता तरी येईल.

"राही," ते जड जिभेनं म्हणाले, "कशाला एवढा जीव पाखडतेस? मी मेल्यावर तुला काही मिळायचं नाही. नोकरी संपल्यावर केलेली बायको तू. नियमात बसत नाहीस. मला तेव्हाच ठाऊक होतं."

ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

राहीबाई पेज ढवळत होती. ती ढवळायची थांबली नाही.

"मला बी ठावं हाय," ती म्हणाली. "माझी पेन्शन बंद कराया तुमी मला धाडलं, त्याच दिशी सायबांनी सांगितलं. लई हळहळले बिचारे. म्हनले, बाई, म्हातारा हाय तवर तुझी भाकर हाय."

अण्णांनी पुन्हा दात आवळले. तिनं चमचा भरला, पदरानं त्यांची हनुवटी पुसली आणि दोन बोटांनी त्यांचं नाक घट्ट दाबून धरलं. श्वासासाठी तोंड उघडलं, तशी तिनं पेज आत सोडली.

"कालच डाक्टरला इचारलं म्या," ती मायेनं म्हणाली. "काळीज ठणठणीत हाय म्हनले. नीट खाल्लं तर आनखी धा वर्सं तुमास्नी काई व्हत न्हाई."