निःशेष

दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही, एवढं ज्याला कळलं त्याला जगात कोणी फसवू शकत नाही. फिजीतल्या सुवा शहरातल्या त्या कचेरीच्या भिंतीवर हे वाक्य सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. शुक्रवारी दुपारी एक अनोळखी माणूस तीच भिंत फीत लावून मोजत होता. "इथे नळ घेता येईल ना?" असं त्याने वासितीला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता 'फसवू'वर पेन्सिलीने फुली मारली.

त्या कचेरीत अकरा माणसं प्रश्न रचायची. व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या पोरांसाठी. प्रश्न एक, विधानं दोन. उत्तर काढायचं नाही, विधानं पुरतात की नाही तेवढंच सांगायचं. वासिती तपासनीस होती. दुसऱ्याच्या प्रश्नातली फट शोधणं हे एकच काम तिला उत्तम येत होतं, आणि पन्नाशी उलटल्यावर त्या कामाची दुसरी जागा साऱ्या फिजीत नव्हती.

सकाळी ब्रिस्बेनहून ग्लेनसाहेब पडद्यावर येऊन गेले होते. "कोणाला काढणार का?" असं तिने तोंडावर विचारलं, तेव्हा ते गोड हसले.

"आकडा आज सांगता येत नाही. पण सोमवारपासून जे असतील ते तिघातिघांच्या टेबलांवर बसतील, कोणी एकटं उरणार नाही. चौघाचौघांच्या गाड्यांतून येतील, एकही जागा रिकामी राहणार नाही."

एवढं बोलून पडदा काळा झाला.

आता चटई अंथरली होती. आपिसायने नेहमीसारखी तानोआ या लाकडी वाडग्यात मुळांच्या भुकटीची यंगोना प्यायला कालवली होती. कचेरीत सगळे त्याला मोमो म्हणत, म्हणजे मामा.

"दोन विधानं दिलीत साहेबाने," रोनील म्हणाला. प्रश्न रचण्यात त्याचा हात सगळ्यांत चलाख. "पहिलं घ्या. तीनने निःशेष भाग जातो. नऊही चालतील, म्हणजे दोघे गेले. पुरेसं नाही. दुसरं, चारने भाग जातो. आठही चालतील, तिघे गेले. पुरेसं नाही."

"आणि दोन्ही मिळून?"

"दोन्ही मिळून बारा, मोमो! आपण अकरा. जात कोणीच नाही, उलट एक येतोय!"

आपिसायने करवंटी तानोआत बुडवली.

"मग काय, भरती की ओहोटी?" काठोकाठ हवी की अर्धी, हे विचारायची ती रीत.

"भरती! नोकरभरतीच आहे आज!"

"बारावा कोण पण?"

"माझा मेहुणा," रोनील म्हणाला.

"तुझा मेहुणा दोनचा पाढा बोटांवर म्हणतो रे."

"मग त्याला साहेब करू."

हसणं वासितीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. ती दाराकडे बघत होती. "बाहेरची पाटी कुठे आहे?"

"धुवायला गेलीय, नाऊ," रोनील म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला तो आईसारखं नाऊच म्हणायचा.

"आठवडा झाला. कुठल्या नदीवर धुतायत?"

"तुम्ही पण ना! प्रश्न सुटलाय, पिऊन टाका."

रोनीलचे प्रश्न तिच्याकडून नेहमी परत जायचे. चूक नेहमी एकच. संख्या तीनने आणि चारने विभाज्य आहे असं तो ऐटीत लिहायचा, आणि ती लाल शाईने संख्येच्या आधी एक शब्द घालायची: धन. तेवढा शब्द नसला की शून्य आत शिरतं. शून्याला तीनने निःशेष भाग जातो, चारनेही जातो. कोणी एकटं उरत नाही, जागा रिकामी राहत नाही. पोरं दर वर्षी इथेच आपटायची. त्यांच्या आपटण्यावरच कचेरी चालायची.

"रोनील," ती हळूच म्हणाली, "धन कुठे आहे?"

"काय?"

"साहेब म्हणाले, 'जे असतील ते'. असतीलच, असं कुठे म्हणाले?"

रोनीलचा हात वाटीतल्या शेवेवर तसाच राहिला. बाकीचे मेहुण्याच्या पगारावरून भांडत होते. पलीकडे फीत सरकन आत गेली.

वासितीने खिडकीशी जाऊन ब्रिस्बेनला फोन लावला.

"ग्लेन, सकाळच्या विधानांत एक शब्द राहिलाय."

"कोणता?"

"धन."

पलीकडे कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. दार लोटल्याचा आवाज आला.

"तुझी नजर फार चांगली आहे, वासिती. मी नेहमी म्हणतो. सोमवारी बोलू आपण."

"सोमवारी? कोणाशी?"

"आवाज नीट येत नाहीये," ग्लेनसाहेब अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, आणि फोन बंद झाला.

ती परत आली. अकरा माणसांतली नऊ तिच्याकडे हसत बघत होती. रोनील चटईकडे बघत होता.

"काय म्हणाले साहेब?" आपिसायने विचारलं.

"माहिती पुरेशी आहे म्हणाले."

"रोनील सांगत नव्हता? बस आता. भरती की ओहोटी?"

आपिसायने भरतीच दिली. वासितीने मांडी घातली, एक टाळी वाजवली आणि करवंटी एका दमात संपवली. सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवल्या आणि एका सुरात ओरडले, "माधा!"

माधा म्हणजे रिकामं. करवंटी संपली की तसं म्हणतात.