घरघर

"इंजिनाचा आवाज अजिबात येता कामा नये, असं भारीतलं ऑइल घाला," माहेरी आल्यावर बाबांची गाडी गॅरेजात सर्व्हिसिंगला आणलेल्या लेकीने वस्तादांना बजावलं. "आईबाबा रोज गाडीतून लांब फिरायला जातात."

वस्तादांनी डिझेल गाडीची ऑइल मोजायची पट्टी ओढली. एक थेंब चिमटीत चोळला, हुंगला. "ऑइल कमी व्हायचं, तर उलट खुणेच्या वर चढलंय. त्यात डिझेल उतरतंय. ताई, ही गाडी फिरत नाही. एका जागी उभी राहून तासन्‌तास चालू असते."

एका थेंबातून एवढं कळतं? थक्क होऊन तिने शेजारी उभ्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर चोरली.

"तुझ्या आईचा अंथरुणावर डोळ्याला डोळा लागत नाही गं. गाडी हलली तरी घाबरते. पण गेटबाहेर नुसतं इंजिन चालू ठेवलं, की त्या घरघरीत लहान मुलासारखी झोपते. मी बसतो शेजारी."

"कधीपासून?"

"तिसरं वर्ष."

वस्तादांनी हातातला भारीतल्या ऑइलचा डबा फळीवर परत ठेवला आणि शेजारचा साधा काढला.

"काका, हे घालतो. आवाज आहे तसाच राहील."