सगळ्यांच्या यादीत राजदीप

राजदीपनं स्वतः बनवलेला प्रोग्राम सुरू करून एंटर दाबलं आणि तो पडद्याकडे बघतच राहिला. उद्याच्या वधू-वर मेळाव्यात नाव नोंदवलेल्या पहिल्या मुलीच्या पसंतीच्या यादीत एकच नाव होतं: राजदीप. दुसरीच्याही यादीत राजदीप. तिसरीच्याही.

"बाप्पा! एवढी मागणी?" शेजारी अर्ज लावत बसलेली दीपा म्हणाली.

मारेगावच्या विहाराच्या सभागृहात दोघंच होती. खाली सरकता सरकता दीपाचं नाव आलं, तिथंही तेच. राजदीपचे कान लाल झाले. दोन वर्षं जे बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती, ते असं पडद्यावर? पण त्याखाली मुलांच्या यादीतही राजदीपच निघाला. बावन्न वर्षांच्या एका विधुरानंही त्यालाच पसंत केलं होतं. पालकांनीही. झालंच तर खुद्द राजदीपनं राजदीपला.

"गेली इज्जत," तो म्हणाला. "लोकं म्हणतीन, पोट्ट्यानं प्रोग्राम बनवला अन् सगळ्या पोरी सोतालेच वाढून घेतल्या."

"अन् बाबा काय म्हणतीन?"

तेच तर! दीपाचे बाबा धर्मपाल सर मेळाव्याचे अध्यक्ष. निवृत्त झाले, पण आवाजातली छडी काही सुटली नव्हती. उमेदवाराबरोबर पालकाचीही पसंती वेगळी लिहून घ्यायची, हा हट्टही त्यांचाच. मेळावा नीट पार पडला की सरांपुढे उभं राहायचं आणि दीपाला मागणी घालायची, असं राजदीपनं मनाशी पक्कं केलं होतं. आता कसली मागणी अन् कसलं काय!

तेवढ्यात सर दारात.

"राजदीप, झालं का तुह्यं?"

"होऊन राह्यलं, सर."

"काल मी दाबून पाह्यलं तं बरोबर चाललं होतं. आज काहून वेळ लागते? अन् तुह्या अर्जावर फोटो काहून नाही? कॉलरचा शर्ट घालून काढ."

सर मांडवाकडे निघून गेले.

"इथं माह्या जिवाची लागली अन् त्यायले फोटो पाह्यजे," राजदीप पुटपुटला.

"पसंतीची यादी कुठं लिहिली तू?" दीपानं पडद्यात डोकं घातलं.

"इथं, वर. क्लासमध्येच, सगळ्यायच्या नोंदीचा साचा असते तिथं."

"म्हणजे फळ्यावर लिहिली. वर्गात फळा एकच असते. एकानं लिहिलं का सगळ्यायले तेच दिसते. पाटी ज्याची त्याले दे नं!"

राजदीपनं कपाळावर हात मारून घेतला. चार वर्षं पायथनमध्ये प्रोग्राम लिहून राह्यला आणि चूक ही! यादीची ओळ त्यानं क्लासच्या माथ्यावरून उचलली आणि जिथं एकेका माणसाची नोंद तयार होते तिथं नेऊन ठेवली. आता ज्याची यादी त्याच्यापाशी.

काल कमिटीच्या पाच-सहा जणांनी, दीपानंही, प्रोग्राम चालवून पाहिला होता. कुणी काही लिहिलं असेल तर ते फायलीत जसंच्या तसं होतं. ते त्यानं पुन्हा पहिल्यापासून चालवलं.

भराभर नावं गेली. विधुराची यादी कोरी. राजदीपची कोरी. त्याची नजर मात्र एकाच नावावर जाऊन थांबली.

दीपाचीही कोरी.

"झालं बरोबर," तो म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं, पण ते दाखवायचं कुणाला?

"माह्यं कोरं काहून दिसते?"

"तू काही लिहिलंच नाही तं दिसन कसं?"

"लिहायलेच बसली होती काल," दीपा खाली बघत म्हणाली. "पाह्यलं तं तुह्यं नाव पहिलेच लिहून. मले वाटलं, तूच गुपचूप लिहून ठेवलं. मंग मी तेच परत कायले लिहू? तसंच राहू देलं."

राजदीपला हसावं की रडावं कळेना. असा आनंद त्याला आजवर झाला नव्हता. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"मी नाही लिहिलं. आईशप्पथ."

"मंग कोनं लिहिलं?"

दोघांनी मिळून यादी खाली, अगदी खालपर्यंत सरकवली. एवढ्या नावांत 'राजदीप' आता एकाच ठिकाणी उरला होता. पालकांच्या रकान्यात, धर्मपाल सरांच्या नावापुढे.