कचऱ्याचा नमुना

कचऱ्याची चाचणी लाल झाली आणि मुकादमाच्या हातातला कॉफीचा कागदी पेला हवेतच थांबला. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. पडद्यावर लिहिलं होतं: अपेक्षित उत्तर ‘अनोळखी’, मिळालेलं उत्तर ‘आवाज’.

मुकादम हे त्याचं पाठीमागचं नाव. तोंडावर सगळे सर म्हणत. फाइल कसली आहे ते ओळखणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना आयता वापरता येणारा कोड, त्याने एकट्याने लिहिली होती, आणि हे तो लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही सांगायचा. फाइलच्या नावावर जाऊ नये, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. तिचे पहिले सोळा बाइट वाचावेत. हे चित्र, हा आवाज, हे दाबून बांधलेलं गाठोडं, सगळं तिथे कळतं. आणि तिथे जे ओळखू येत नाही ते कचरा, असा त्याचा खाक्या. अशा कचऱ्याचा एक अस्सल नमुना त्याने चाचणीत घालून ठेवला होता. लायब्ररीत कुणी काही बदललं, की आधी तिला तो हुंगायला द्यायचा. तिने नाक मुरडलं, की सगळं ठीक.

आज तिने नाक मुरडलं नव्हतं. चारला लायब्ररीची नवी आवृत्ती जायची होती आणि तीन केव्हाच वाजून गेले होते.

“बाई, तुमचा बदल मागे घ्या,” तो म्हणाला.

बाई म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेल्या, त्याच्याच वयाच्या इंजिनिअर. आधीची नऊ वर्षं त्यांनी स्वस्तातले रेकॉर्डर बनवणाऱ्या कारखान्यात काढली होती. साहेब लोकांना घाबरायची सवय तिथेच सुटली होती.

“बदल बरोबर आहे, सर. नमुना चुकलाय. तो कचरा नाही, कुणाचं तरी चोपन्न सेकंदांचं बोलणं आहे. मी ऐकलं नाही. म्हटलं, खासगी असेल.”

“शक्य नाही. मी स्वतः तपासलंय. नुसती शून्यं आहेत.”

“किती आत जाऊन तपासलंत?”

“सोळा बाइट.”

“मग दारातूनच परतलात की. आमच्या कारखान्याचे रेकॉर्डर फाइलच्या सुरुवातीला तारखेसाठी कोरी जागा सोडतात. घरच्यांनी तारीख लावलीच नाही, तर तिथे शून्यंच राहतात. पाचशे बारा शून्यं ओलांडली, की पुढे खरी खूण. माझ्या बदलानंतर लायब्ररी तिथवर वाचते.”

आजूबाजूचे कीबोर्ड गप्प झाले. मुकादम खुर्चीत बसला. त्या नमुन्याचं कूळ त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तो त्याच्या ताईने पाठवला होता.

आई गेल्यावर त्याला ताईनेच वाढवलं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या घरी, वीस पाहुण्यांसमोर, भावजींनी त्याला साधा प्रश्न विचारला होता: हा फोटो उघडत का नाही? तो म्हणाला, “एक फाइल उघडता येत नाही? कुठल्या अडाण्याच्या गळ्यात पडलीस ग, ताई!” पाहुणे हसले. ताई हसली नाही. महिनाभराने त्याने तिला माफीचा मेल लिहिला आणि शेवटी म्हटलं, वाटेल ते बोल, पण बोल. उत्तरात एक ओळही नव्हती. होती ती नुसती ही फाइल. कुठल्याही प्लेअरवर ती वाजेना, आणि त्याची लायब्ररी म्हणाली, अनोळखी. लायब्ररी चुकेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आपल्या माफीच्या बदल्यात ताईने तोंडावर कचरा फेकला, असं त्याने धरलं. रागाच्या भरात ती फाइल चाचणीत टाकली आणि ताईचा नंबर फोनमधून पुसला. पाठ होता तो काही पुसता आला नाही. तेव्हापासून दिवसातून चाळीस वेळा ताईवर ‘अनोळखी’चा शिक्का बसत होता. प्रत्येक शिक्क्याला त्याला थोडं बरं वाटायचं आणि बरंचसं वाईट.

“घेऊ मागे?” बाईंनी विचारलं. “दोन मिनिटांचं काम. आवृत्ती चारला जाईल, आणि तुमचा कचरा कचराच राहील.”

त्याला हो म्हणायचं होतं. आत शिव्या असल्या तर त्याने खाल्ल्या असत्या. पण शिव्या नसल्या तर? तर या अकरा वर्षांचं काय करायचं, ते त्याला कळेना.

त्याने फाइलची सुरुवातीची शून्यं छाटली, हेडफोन चढवले आणि कळ दाबली. घाईत पिन अर्धवटच खोचली गेली होती. आवाज स्पीकरमधून साऱ्या खोलीला ऐकू गेला.

“सुरू झालं का हो? बरं. ऐक रे शहाण्या. मला टाइप करायचा कंटाळा, म्हणून बोलतेय. तुझा मेल वाचला. माफी एक ओळ, आणि चार पानं स्वतःचं कौतुक.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमाने पिन खोचायला हात नेला आणि तसाच ठेवला.

“असू दे, तेवढी पुरे. हे रागावलेले नाहीत. रागवायचं काम मी एकटीनेच उरकलंय, तेही आता संपलं. रविवारी जेवायला ये. नाही आलास तर समजू, की तुझाच राग गेला नाही. मग आम्ही तुझ्या मागे लागणार नाही. वाट बघू.”

तिकडे भांडं पडल्याचा आवाज झाला, आणि ताई पुन्हा बोलली.

“आणि हे बघ, हे रेकॉर्ड करून पाठवायचं काम तुझ्या भावजींचं. तुला उघडता आलं नाही, तर लाजू नकोस. त्यांना विचार.”