ओरडतात तोवर

“ओरडतात तोवर बरं, वसंता. गप्प झाली की ऊठ.”

गेलेल्या नवऱ्याचा, शहाजीरावांचा आवाज वसंताच्या कानात होता आणि समोर खोक्यात पिल्लं ओरडत होती. करंट सकाळीच गेला होता. त्यांच्यावर टांगलेला बल्ब थंड पडला होता. बाहेर कार्तिकातलं वादळ अंबत्तूरच्या घरांवरचे पत्रे उचकटत होतं. मशीनमध्ये उबवलेली पिल्लं ती, त्यांना पंखाखाली घ्यायला कोंबडी नव्हती. एकमेकांच्या अंगावर चढून सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली होती. खालची चेंगरत होती.

“मी सांगत होतो,” महेश म्हणाला. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातली रात्रपाळी करून तो कंपनीच्या बसनं नुकताच परतला होता, डोळे चुरचुरत होते. “बॅटरीवर चालणारी तापपट्टी घेऊया म्हटलं, तर तुला बल्बच हवा. आता काय, फुंकर घालू?”

“तुझे बाबा शेगडी ठेवायचे.”

“बाबा कोंबड्यांचे डॉक्टर होते, अम्मा. मी गाड्यांची दारं बसवतो.” असं म्हणत त्यानं सांब्राणीच्या धुपासाठी आणलेले कोळसे शेगडीत रचलेही.

शहाजीरावांनी जन्मभर कोंबड्या पाळल्या आणि वसंतानं व्रतं. सोवळ्याला पीस लागलं तरी ती डोक्यावरून पाणी घ्यायची. ते हसायचे. “बल्ब काय नि शेगडी काय, खरी ऊब तुझ्या पोटाशी आहे ग. पण ती पडली सोवळ्यातली, देवाची!” शेवटी आस्पत्रीत, खाटेवर मात्र हसले नाहीत. “माझ्यामागं पिल्लांना ऊब कमी पडू देऊ नकोस,” म्हणाले. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. महेशला बल्ब आणायला सांगितलं तेव्हा तिला वाटलं, शब्द पाळला.

निखारे लाल झाले. महेशनं शेगडी खोक्याजवळ ठेवली आणि खिडकी वीतभर उघडली. वारा थेट देवघराच्या कोनाड्यात शिरला. समईची ज्योत आडवी झाली.

वसंतानं धावत जाऊन खिडकी लावली.

“अम्मा, शेगडी असली की बाबा खिडकी उघडी ठेवायचे.”

“पौर्णिमेपर्यंत हा दिवा विझायचा नाही, कण्णा, बाळा. वारा पडला की उघडते. तू जरा पड.”

दिवा त्याच्यासाठीच होता. बाप गेल्यावर मुलगा रात्री-अपरात्री रस्त्यावर असायचा. त्याला आयुष्य मागून तिनं ही ज्योत लावली होती. हे ती त्याला कधी बोलली नव्हती. महेशनं जांभई दिली, खोक्याशेजारी चटई टाकली, आणि पाठ टेकताच त्याचा डोळा लागला. धूर नव्हता. वास नव्हता. शेगडी शहाण्यासारखी जळत होती. स्वयंपाकघरात जाताना वसंतानं मधलं दार ओढून घेतलं, म्हणजे तिथला वारा दिव्याला लागायला नको.

नैवेद्याचा भात शिजायला ठेवून तिनं ओठांतल्या ओठांत स्तोत्र सुरू केलं. मागच्या दाराच्या फटीतून पाऊस आत येत होता. पलीकडची चिवचिव हळूहळू मंदावली. एकेक आवाज गळत गेला. मग एकही उरला नाही.

तिनं डोळे मिटून हात जोडले. पोटभर ऊब मिळाली बिचाऱ्यांना. देवा, तुझीच कृपा. ती पुढच्या श्लोकावर गेली.

गप्प झाली की ऊठ.

श्लोक अर्धा राहिला. तिनं दार ढकललं.

खोक्यात पिल्लं पसरली होती. झोपलेलं पिल्लू मान अशी टाकत नाही. महेश तोंड उघडं टाकून पडला होता आणि त्याचे गाल लाल होते, लहानपणी उन्हातून खेळून यायचा तसे.

“महेश! अरे महेश!”

तो हलला नाही.

ती खिडकीकडे वळली. तिच्या आणि खिडकीच्या मध्ये समई होती. एका हाताचा आडोसा ज्योतीला केला तर दुसऱ्या हातानं कडी निघेना. तिनं आडोसा काढला. दोन्ही हातांनी दोन्ही फळ्या उघडल्या. दिवा विझला, तिनं वळूनही पाहिलं नाही. मुलाच्या काखांत हात घालून तिनं त्याला पुढच्या दारापर्यंत ओढलं, त्याचं डोकं उंबऱ्याबाहेर पावसात केलं आणि शेजारच्या हरिप्रसादला हाक मारली. या गल्लीत तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

महेश ओकला. मग कण्हला. “अम्मा… डोकं फुटतंय.”

“कोळसा? बंद खोलीत?” भिजत आलेल्या हरिप्रसादनं शेगडी उचलून अंगणात पालथी केली. “वसंताम्मा, अजून थोडा वेळ गेला असता तर… चला, आस्पत्रीत. गाडी काढतो.”

महेशला मागच्या सीटवर बसवलं. वसंता दारात थांबली. आत खोली गार पडत होती. बल्ब नव्हता, शेगडी नव्हती, दिवा नव्हता. ती परत आत गेली आणि खोक्यावर वाकली. बरीचशी गेली होती. ज्यांच्या छातीत धुगधुगी होती ती एकेक उचलून तिनं सोवळ्याच्या पदरात घेतली, पदर पोटाशी घट्ट गुंडाळला आणि गाडीत मुलाशेजारी येऊन बसली.

महेशनं जड डोळ्यांनी पाहिलं. “अम्मा… तुझं सोवळं.”

गाडी पाण्यातून हळूहळू निघाली. तिनं एक हात त्याच्या छातीवर ठेवला, दुसरा पोटावरच्या पदरावर, आणि ओरडण्याची वाट पाहू लागली.