फ्रीजच्या किल्ल्या

आरतीच्या सासरी नवं स्वयंपाकघर बांधलं आणि फ्रीज माहेरानं द्यायचा, असं व्याह्यांनीच ठरवून टाकलं. नारायणगावच्या दुकानात तिचा बाप कुंडलिक रंग बघत होता. आई अंजना मात्र प्रत्येक दाराचं कुलूप चाचपत होती.

"बिनकुलपाचा न्हाई का, भाऊ?"

"न्हाई मावशी. आन खाणारी तोंडं असली की कुलूप लई कामाला येतं. ह्या घ्या दोन किल्ल्या."

अंजनानं एक किल्ली गुपचूप पदराच्या गाठीत बांधली. पोटुशी लेक गेल्या खेपेला आली, तेव्हा टोपल्यातली शिळी भाकरी तिनं उभ्याउभ्याच खाल्ली होती.

कुंडलिकनं मान वर न करता हात पुढं केला.

"सोड ती गाठ. इहीणबाईंनी दोन्ही किल्ल्या मागितल्यात."