येतो म्हणून गेलेला

संसार मोडून कॅनडातल्या सस्काटूनहून दूर विंडसरला गेला, तेव्हाही चारुदत्त सवयीनं "येतो" म्हणूनच निघाला. दारातून "जातो" म्हणू नये, ही आईची शिकवण तेवढी त्यानं पाळली. पण ऑटिझम असलेल्या त्याच्या लेकीला शब्द म्हणजे शब्दच. ऊर्मी रोज शाळेतून आली की बाबाच्या सपाता जुळवून दारापाशी बसायची, जेवायलाही उठायची नाही. "बाबा सेड येतो." शेवटी तिच्या आईनं, अवंतिकानं, शेजारी बसून चारुदत्तला फोन लावला. "हिला एकदा 'जातो' म्हण." "काहीतरीच! असं कुणी म्हणतं का?" "डिव्होर्सच्या पेपरवर सही करताना मुहूर्त पाहिला होतास? म्हण." तो घुटमळला. "ऊर्मी, बाळा... जातो मी." "ओके. बाय, बाबा." ऊर्मीनं सपाता कपाटात ठेवल्या, हात धुतले आणि वरणभात कालवायला घेतला. अवंतिकाला हवं होतं तेच झालं होतं. फक्त आता तिलाच दारापासून उठवत नव्हतं.